आधी प्रसंग मांडा, मग आज्ञावली लिहा

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 आम्ही काही मित्र नोकरी सांभाळून दर रविवारी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा वर्ग घेतो. त्या वर्गात जे बोलतो तेच आज येथे मांडणार आहोत. समोर बसलेल्या ज्येष्ठ मंडळींनी हा विषय आपला नाही असे कृपया समजू नये. भाषणाच्या शेवटी त्यांच्याकडेच एक मागणे मागावयाचे आहे.

विषयाचे नाव थोडे लांबलचक आहे. एकाच वेळी अनेक कामे करणाऱ्या संगणक प्रणालीची रचना व तपासणी, घडू शकणाऱ्या प्रसंगांच्या आधारे कशी करावी, हा तो विषय. नावाला घाबरू नका. सुरुवात आम्ही आमच्याच एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी एका वसतिगृहाच्या प्रवेशाची आज्ञावली आम्ही लिहून दिली. दोन खिडक्या, दोन संगणक आणि मागे दोघांची मिळून एकच नोंदवही. विद्यार्थी खिडकीवर आला की कारकुनाने नाव टाकावयाचे, संगणकाने शिल्लक खाटा पाहावयाच्या, त्यातून एक वजा करावयाची आणि पावती छापावयाची. काम अगदी सरळ. आम्ही ती आज्ञावली पन्नास वेळा चालवून पाहिली. एकदाही चुकली नाही. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी मात्र, संध्याकाळच्या गर्दीत, शेवटच्या एका खाटेच्या दोन पावत्या निघाल्या.

वाशीम जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेला मुलगा दुसऱ्या दिवशी पत्र्याची पेटी घेऊन हजर झाला, तो त्याच्या खाटेवर दुसराच मुलगा बसलेला. कार्यालयात त्याला पहिला प्रश्न विचारला गेला तो असा, की ही पावती तू कोठून आणलीस? संगणक एकच खाट दोघांना देईल हे कोणालाच पटेना. दोन दिवस तो मुलगा खोटा ठरला. आम्हांला विचारले तेव्हा आम्हीही छातीठोकपणे सांगितले, की आमच्या आज्ञावलीत असे घडणे शक्यच नाही. मित्रांनो, आजचे सारे भाषण त्या एका वाक्याविषयी आहे.

घडले काय होते ते पाहू. प्रत्येक खिडकीचे काम दोन पायऱ्यांचे होते. पहिली पायरी, शिल्लक पाहणे. दुसरी पायरी, एक वजा करून नोंद करणे. पहिल्या खिडकीने पाहिले, एक खाट शिल्लक आहे. तिने नोंद करण्यापूर्वीच दुसऱ्या खिडकीनेही पाहिले, एक खाट शिल्लक आहे. मग पहिलीने शून्य लिहिले, दुसरीनेही शून्य लिहिले, आणि दोघींनी पावत्या दिल्या. प्रत्येक खिडकीचे वागणे तिच्यापुरते अचूक. चूक दोघींच्या मध्ये होती.

आता हिशेब करा. दोन खिडक्यांच्या दोन-दोन पायऱ्या एकमेकींत मिसळून एकूण ६ प्रकारे घडू शकतात. त्यांपैकी फक्त २ प्रकार बरोबर आहेत. एक खिडकी पूर्ण झाल्यावर दुसरी सुरू होते, ते हे दोन. उरलेल्या चारही प्रकारांत एक खाट दोघांना जाते. आम्ही तपासणी केली तेव्हा एकच माणूस एकाच संगणकापुढे बसला होता, म्हणून पन्नासही वेळा आम्ही त्या दोन बरोबर प्रकारांतच फिरत राहिलो. पन्नास वेळा तपासले असे आम्ही अभिमानाने सांगत होतो. प्रत्यक्षात एकच प्रसंग पन्नास वेळा तपासला होता.

पायऱ्या वाढल्या की हा आकडा कसा फुगतो तेही पाहा. दोन कामांच्या दहा-दहा पायऱ्या असतील तर त्या १,८४,७५६ प्रकारे मिसळतात. तीन कामांच्या दहा-दहा असतील तर सुमारे साडेपाच लाख कोटी प्रकारे. हे सारे प्रकार चालवून पाहणे माणसाच्या आवाक्यातले नाही. आणि चूक दिसली तरी ती पुन्हा तशीच दिसेल याची खात्री नाही, कारण ती क्षणाच्या मागेपुढे होण्यावर अवलंबून असते. यालाच संगणकाच्या भाषेत रेस कंडिशन म्हणतात. दोन कामांची शर्यत लागते, आणि निकाल कोण आधी पोहोचले यावर ठरतो.

असे प्रकार आज सर्वत्र आहेत. आपल्या खिशातील मोबाईलमध्ये एकाच वेळी अनेक कामे चालू असतात. २०१६ पासून आपण यूपीआयने पैसे पाठवतो, तेव्हा देणाऱ्याची बँक, घेणाऱ्याची बँक आणि मधली यंत्रणा या तिघांचे निरोप एकमेकांना मिळावे लागतात. खात्यातून पैसे वजा झाले आणि दुकानदाराच्या यंत्रावर मात्र काहीच उमटले नाही, हा अनुभव येथे बसलेल्या अनेकांना असेल. निरोप वाटेत अडला तर काय करावयाचे, हा प्रसंग कोणीतरी आधीच कागदावर मांडलेला असावा लागतो. म्हणून ते पैसे परत येतात.

पैसे परत येतात, खाटही दुसरी मिळते. प्राण मात्र परत येत नाहीत. म्हणून आमच्या वर्गात आम्ही एक गोष्ट प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो. ती थेरॅक-२५ या यंत्राची गोष्ट होय.

कर्करोगावर किरणांचे उपचार करणारे हे यंत्र कॅनडातील अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या सरकारी कंपनीने बनविले होते. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात या यंत्राने सहा रुग्णांना भयंकर प्रमाणात जादा किरण दिले. नॅन्सी लेव्हसन व क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली या अपघातांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून जगभरचे विद्यार्थी तो वाचतात.

हे यंत्र दोन प्रकारे काम करी. एका प्रकारात इलेक्ट्रॉनांचा सौम्य झोत थेट रुग्णावर सोडला जाई. दुसऱ्या प्रकारात क्ष-किरण तयार करावयाचे असत. त्यासाठी इलेक्ट्रॉनांचा प्रवाह जवळजवळ शंभर पट वाढवावा लागे आणि वाटेत धातूचे लक्ष्य व झोत सपाट करणारी गाळणी आणावी लागे. ही साधने एका फिरत्या चकतीवर बसविलेली होती. जोरदार प्रवाह चालू आणि वाटेत लक्ष्य नाही, ही स्थिती कधीच येता कामा नये, हे लहान मुलालाही कळेल. जुन्या यंत्रांत हे होऊ नये म्हणून स्वतंत्र विद्युत व यांत्रिक अडसर होते. थेरॅक-२५ मध्ये त्यांपैकी बरेच काढून टाकण्यात आले आणि ती जबाबदारी आज्ञावलीवर सोपविण्यात आली.

२१ मार्च १९८६. टेक्सास राज्यातील टायलर गावचे कर्करोग केंद्र. यंत्र चालविणाऱ्या बाईंनी सवयीने क्ष-किरणांसाठी एक्स हे अक्षर टाकले. लगेच ध्यानात आले, की या रुग्णाला इलेक्ट्रॉन द्यावयाचे आहेत. त्यांनी वर जाऊन एक्सच्या जागी ई केले, बाकीच्या रकाने भराभर ओलांडले आणि झोत सुरू करण्याची आज्ञा दिली. या साऱ्याला काही सेकंदच लागले, कारण रोजच्या सरावाने त्यांचा हात चांगला बसला होता.

यंत्राच्या आत त्या वेळी दोन कामे एकत्र चालू होती. एक काम कळफलकावरून माहिती घेई, दुसरे काम त्या माहितीप्रमाणे यंत्र जुळवी. जुळवण्यात झोत वळविणारे चुंबक लावण्यास सुमारे ८ सेकंद लागत. त्या आठ सेकंदांत केलेली दुरुस्ती पडद्यावर दिसे, परंतु जुळवणी करणाऱ्या कामाला तिचा पत्ता लागत नसे. परिणाम असा, की चकती दुरुस्तीप्रमाणे इलेक्ट्रॉनांच्या जागी गेली आणि प्रवाह मात्र जुन्या नोंदीप्रमाणे क्ष-किरणांचा, म्हणजे जोरदार राहिला.

पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढीच सूचना आली. मात्रा फारच कमी गेली, असेही तेथे दिसत होते. अशा किरकोळ सूचना रोजच येत. एक कळ दाबून काम पुढे चालू करण्याची सोय यंत्रातच होती. बाईंनी कळ दाबली. रुग्णाला दुसरा तडाखा बसला. खोलीतील चित्र दाखविणारा पडदा त्या दिवशी जोडलेला नव्हता आणि आतला आवाज बाहेर आणणारी यंत्रणाही बंद होती. रुग्णाला द्यावयाचे होते १८० रॅड. नंतरच्या अंदाजानुसार एका लहानशा जागी त्याला १६,५०० ते २५,००० रॅड बसले.

कंपनीचे अभियंते आले, त्यांनी तपासणी केली, त्यांना ती सूचना पुन्हा आणता आली नाही. यंत्राकडून जादा मात्रा जाणे शक्य नाही असे सांगण्यात आले. ७ एप्रिलला यंत्र पुन्हा सुरू झाले. ११ एप्रिलला त्याच बाईंच्या हातून, तसाच दुसरा रुग्ण भाजला. टायलरचे हे दोन्ही रुग्ण पुढे दगावले.

दोष शोधला कोणी? त्याच रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञाने आणि यंत्र चालविणाऱ्या त्याच बाईंनी. काय काय टाकले, कोणत्या क्रमाने टाकले, हे त्यांनी आठवून आठवून पुन्हा केले. शेवटी ध्यानात आले, की गुपित वेगात आहे. सावकाश टाकले तर सूचना येत नाही. रोजच्या सरावाच्या वेगाने टाकले तर येते. सावकाश टाकणाऱ्याला तो दोष दिसणे शक्यच नव्हते.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट. थेरॅक-२० या जुन्या यंत्रातही हाच दोष होता. शिकागो येथील एका विद्यापीठाशी संलग्न केंद्रात असे दिसून आले होते, की विद्यार्थ्यांची नवी तुकडी यंत्रावर शिकू लागली की त्याचे फ्यूज वरचेवर उडतात, आणि काही आठवड्यांनी ते आपोआप थांबते. नवशिकी मुले वाटेल तशी कळफलक दाबत, म्हणून जाणत्याला न सुचणारे प्रसंग त्यांच्या हातून घडत. त्या यंत्रात अडसर शाबूत होते, म्हणून फ्यूजवर भागले, रुग्ण वाचले.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पुष्कळदा सॉफ्टवेअरची मागणी यादीच्या रूपात लिहिली जाते. यंत्राने अमुक करावे, तमुक करावे. थेरॅकची यादी लिहिली असती तर ‘माहिती दुरुस्त करण्याची सोय असावी’ आणि ‘माहितीप्रमाणे चुंबक जुळवावेत’ अशी दोन कलमे आली असती. दोन्ही रास्त. पण एक चालू असताना दुसरे घडले तर काय, हा प्रश्न यादी विचारीत नाही. तो प्रश्न प्रसंग विचारतो. प्रसंग म्हणजे कोणी, कोणाला, कोणत्या क्रमाने काय सांगितले याची हकिगत.

ही पद्धत रुळविण्यात स्वीडनचे इव्हार जेकबसन यांचा वाटा मोठा आहे. टेलिफोन यंत्रणा बनविणाऱ्या एरिक्सन कंपनीत काम करताना त्यांना ही वाट सापडली, आणि १९९२ सालच्या त्यांच्या ग्रंथाने ती सर्वदूर पोहोचली. टेलिफोन क्षेत्रातच ‘मेसेज सीक्वेन्स चार्ट’ नावाची चित्रे प्रमाण ठरली. पुढे १९९७ साली मान्य झालेल्या यूएमएल या चित्रभाषेतही तशीच क्रमचित्रे आली. आपल्या अभ्यासक्रमात सीक्वेन्स डायग्राम म्हणून जे पाच गुणांसाठी पाठ केले जाते, ते हेच.

चित्र काढण्यास वही आणि पट्टी पुरे. प्रत्येक पात्रासाठी एक उभी रेघ ओढा. खिडकी क्रमांक एक, खिडकी क्रमांक दोन, नोंदवही. काळ वरून खाली सरकतो असे समजा. एकाने दुसऱ्याला निरोप दिला की एका रेघेवरून दुसऱ्या रेघेकडे बाण काढा. आमच्या वसतिगृहाचे असे चित्र काढले तेव्हा ‘पाहिले’ हे दोन बाण लागोपाठ आले आणि त्यांच्याखाली ‘लिहिले’ हे दोन बाण. चूक कागदावर पाच मिनिटांत दिसली. आज्ञावली लिहिण्यापूर्वी ते चित्र काढले असते, तर त्या मुलावर ती वेळ आली नसती.

प्रसंग किती प्रकारचे मांडावेत? आम्ही वर्गात चार प्रकार सांगतो. पहिला, सर्व सुरळीत चालले तर काय होते. दुसरा, एखादी गोष्ट बिघडली, निरोप पोहोचला नाही, वीज गेली तर काय. तिसरा, एक प्रसंग अर्ध्यावर असताना दुसरा सुरू झाला तर काय. चौथा, काय कधीच घडता कामा नये. पहिला प्रकार सगळेच लिहितात. अपघात उरलेल्या तिघांत दडलेले असतात.

येथे एक सूक्ष्म भेद आहे. एखादा प्रसंग घडू शकतो असे म्हणणे वेगळे, आणि अमुक झाले तर तमुक झालेच पाहिजे असे म्हणणे वेगळे. साध्या क्रमचित्रात हा भेद दाखविता येत नव्हता. वेर्नर डाम व डेव्हिड हॅरेल यांनी २००१ सालच्या आपल्या निबंधात ‘लाइव्ह सीक्वेन्स चार्ट’ ही सुधारित चित्रे मांडून तो स्पष्ट केला. ‘झोताची आज्ञा आली तर आधी चकती व प्रवाह यांचा मेळ तपासलाच पाहिजे’ हे वाक्य ‘तपासला जाऊ शकतो’ असे लिहून चालणार नाही, हे सांगावयास नकोच.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. समजा तुम्ही सगळे प्रसंग नीट मांडले. तरीही प्रणालीत तुम्ही न लिहिलेला प्रसंग घडू शकतो. कसा? जत्रेतल्या हौशी नाटकाचे उदाहरण घ्या. लेखकाजवळ सबंध नाटक असते. नटांना मात्र फक्त आपापली नक्कल मिळते. आपल्या आधीचे वाक्य ऐकू आले की आपले बोलावयाचे, एवढेच त्याला ठाऊक. तेच वाक्य नाटकात दोन ठिकाणी असेल, तर नट तिसऱ्या अंकाचे भाषण पहिल्या अंकात सुरू करतो. कोणीही आपली नक्कल सोडलेली नसते, तरी लेखकाने कधीच न लिहिलेला प्रवेश रंगमंचावर घडतो. संगणकातील प्रत्येक घटक असाच आपल्या नकलेपुरते पाहतो. अशा न लिहिलेल्या प्रसंगाला ‘इम्प्लाइड सिनॅरिओ’ म्हणतात; आपण त्याला गर्भित प्रसंग म्हणू.

राजीव अलूर, कूशा एतेसामी व मिहालिस यानाकाकिस यांनी २००० साली, आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील सेबास्टियन उचितेल, जेफ क्रेमर व जेफ मॅगी यांनी २००१ साली, हे गर्भित प्रसंग संगणकाकरवी शोधण्याच्या रीती मांडल्या. लंडनच्या मंडळींचे बाष्पकाचे, म्हणजे बॉयलरचे उदाहरण समजण्यास सोपे आहे. त्यात चार पात्रे आहेत. दाब मोजणारा मापक, ती मापे साठविणारी नोंदवही, नियंत्रक आणि झडप चालविणारे साधन. लिहिलेले प्रसंग असे: नियंत्रक मापकाला सुरू करतो, मापक दाब नोंदवहीत लिहितो, नियंत्रक नोंदवहीला दाब विचारतो व त्याप्रमाणे झडपेला आज्ञा देतो, शेवटी नियंत्रक मापक बंद करतो. सुरू केल्यावर आधी माप लिहिले जावे आणि मगच नियंत्रकाने विचारावे, असा लेखकाचा हेतू.

आता यंत्रणा एकदा बंद करून पुन्हा सुरू केली असे समजा. मापकाने नवे माप अजून लिहिलेले नाही. पण ते लिहिले की नाही हे नियंत्रकाला दिसत नाही, कारण तो निरोप मापक आणि नोंदवही या दोघांतला. तो विचारून मोकळा होतो. यंत्रणा मध्यंतरी बंद पडली होती हे नोंदवहीलाही ठाऊक नाही. बंद-सुरूचे निरोप तिच्याकडे येतच नाहीत. तिच्याजवळ मागच्या वेळचे माप आहे, ते ती प्रामाणिकपणे देते. आणि नियंत्रक शिळ्या दाबावर विसंबून पेटत्या बाष्पकाची झडप हलवितो. चारही पात्रे आपापल्या नकलेला जागली आणि धोका निर्माण झाला.

उपाय काय? संगणक असा गर्भित प्रसंग शोधून आपल्यापुढे ठेवतो आणि विचारतो, हा चालेल काय? त्याचे उत्तर माणसाने द्यावयाचे असते. चालणार असेल तर तो मान्य प्रसंगांत जमा करावयाचा. नसेल तर निषिद्ध म्हणून नोंदवून रचना बदलावयाची. मग पुन्हा शोध. असे करता करता आपल्या अपेक्षा आपल्यालाच स्पष्ट होत जातात. या कामासाठी त्यांनी एलटीएसए हे साधन वापरले, आणि क्रेमर व मॅगी यांच्या समवर्ती प्रणालींवरील पाठ्यपुस्तकातही त्याचा उपयोग केलेला आहे.

प्रसंगांवरून प्रत्येक घटकाच्या स्थिती व संक्रमणे काढावयाची आणि मग संगणकाकडून सर्व शक्य मिसळण्या तपासावयाच्या, या शास्त्राला मॉडेल चेकिंग म्हणतात. एडमंड क्लार्क, अ‍ॅलन इमर्सन व जोसेफ सिफाकिस यांना या कामाबद्दल २००७ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. मात्र त्यालाही मर्यादा आहेत. प्रत्येकी दहा स्थितींचे दहा घटक एकत्र आले की एकूण स्थिती एक हजार कोटींपर्यंत जाऊ शकतात. शिवाय तपासणी नमुन्याची होते. प्रत्यक्ष आज्ञावली नमुन्याप्रमाणे लिहिली नाही तर तपासणी वाया. आणि जो प्रकार आपण नमुन्यातच घेतला नाही, त्याच्याविषयी कोणतेही साधन बोलणार नाही. म्हणून शास्त्र शिकले तरी दोन अडसर जास्तीचे ठेवावेत, हा थेरॅकचा धडा विसरू नये.

आता आमच्या वसतिगृहाची गोष्ट पुरी करतो. चूक कळल्यावर आम्ही आज्ञावलीला कुलूप घातले. एका खिडकीने अर्ज उघडला की तो पूर्ण होईपर्यंत दुसरीने थांबावयाचे. आम्ही खूष झालो. हे चित्र खिडकीवर बसणाऱ्या कारकुनांना दाखविले, तर त्यांतले एक काका म्हणाले, ‘साहेब, मी अर्ज उघडा ठेवून चहाला गेलो तर काय?’ आम्ही गप्प झालो. ते चहा पिऊन येईपर्यंत दुसऱ्या खिडकीवरील रांग ताटकळली असती. मग दुसरे काका म्हणाले, ‘अन् खाट वजा झाली, पण पावती निघायच्या आत लाईट गेली तर?’ तर ती खाट कोणाच्याच नावावर न जाता कायमची हरवली असती.

या दोन प्रश्नांनी आज्ञावलीची रचना बदलली. पाहणे, वजा करणे व नाव लावणे ही तीन कामे शेवटची कळ दाबल्यावर एका दमात, अखंड होतील असे केले. झाली तर तिन्ही, नाही तर एकही नाही. कुलूप क्षणभरच लागू लागले. पावती नोंदीवरून पुन्हा छापण्याची सोय ठेवली. आणि निषिद्ध प्रसंग म्हणून पहिल्या पानावर लिहिले, की एका खाटेवर दोन नावे कदापि नकोत. तो नियम नोंदवहीलाच घालून दिला, म्हणजे आज्ञावली चुकली तरी नोंदवही नकार देईल. हा आमचा जास्तीचा अडसर.

हे दोन प्रश्न आम्हांला कोणत्याही पुस्तकात सापडले नव्हते. ते खिडकीवर बसणाऱ्या माणसांकडून आले, आणि ते येऊ शकले कारण आम्ही त्यांच्यासमोर संगणकाची भाषा न ठेवता प्रसंग ठेवले होते. या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. आज्ञावली वाचण्यास शिक्षण लागते. प्रसंग वाचून ‘असे होत नाही हो’ म्हणण्यास अनुभव पुरतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येक जण उद्या बँका, रेल्वे, रुग्णालये, वीज मंडळे यांच्या प्रणाली लिहाल. तेव्हा एवढे करा. संगणक उघडण्यापूर्वी वही उघडा. चारही प्रकारचे प्रसंग लिहा. प्रत्येक बाणाजवळ थांबून विचारा, नेमक्या याच क्षणी दुसरे काही घडले तर? आपली चित्रे त्या यंत्रणेवर रोज काम करणाऱ्या माणसाला दाखवा आणि तो बोलत असताना मध्ये बोलू नका. आणि कोणी तक्रार घेऊन आला, तर ‘हे शक्य नाही’ हे शब्द तोंडातून काढण्यापूर्वी तो प्रसंग त्याच्या क्रमाने आणि त्याच्याच वेगाने पुन्हा करून पाहा.

ज्येष्ठ मंडळींकडे मागणे असे, की खिडकीवरचा माणूस ‘संगणकात तसे दिसते’ म्हणाला, म्हणून आपली खरी गोष्ट मागे घेऊ नका. काय घडले, किती वाजता, कोणत्या क्रमाने, हे एका कागदावर लिहा, पावती जपून ठेवा आणि लेखी विचारा. तुमचा तो कागद म्हणजेच एक प्रसंग आहे. आज्ञावली लिहिणाऱ्याला जो सुचला नाही, तोच कदाचित.

त्या वाशीमच्या मुलाला तिसऱ्या दिवशी दुसऱ्या खोलीत खाट मिळाली. आम्ही त्याला भेटून चूक आमची होती असे सांगितले. त्याने फक्त एवढेच विचारले, ‘मग हे ऑफिसात सांगाल का?’ आम्ही लेखी कबुली दिली. ती कार्यालयाच्या फलकावर लागली. आज्ञावली दुरुस्त करण्याच्या आधी करावयाचे काम ते होते, हे आम्हांला त्याने शिकविले.